नकाशा, कॅमेरा आणि अर्मेरो

७ ऑक्टोबर १९८५ रोजी कोलंबियातल्या इंगेओमिनास या सरकारी भूगर्भ संस्थेने एक नकाशा सादर केला. नेवादो देल रुईस या ज्वालामुखीचा उद्रेक झालाच, तर चिखलाचे लोट कुठल्या नद्यांच्या खोऱ्यांतून उतरतील आणि वाटेत कुठली गावं सापडतील, हे त्यात दाखवलं होतं. अर्मेरो हे गाव त्या वाटेत होतं. पाच आठवड्यांनी, १३ नोव्हेंबरच्या रात्री, चिखल साधारण त्याच वाटेने आला. १६ नोव्हेंबरच्या सकाळी फ्राँक फूर्निए या फ्रेंच छायाचित्रकाराने अर्मेरोत गळ्यापर्यंत पाण्यात अडकलेल्या एका तेरा वर्षांच्या मुलीचं छायाचित्र काढलं. ते छायाचित्र काही दिवसांत जगभर पोचलं. नकाशा मात्र अर्मेरोतल्या बहुतेकांनी पाहिलाच नव्हता.

नकाशाची एक आवृत्ती बोगोताच्या ‘एल एस्पेक्तादोर’ या मोठ्या दैनिकात छापून आली होती. निळा, हिरवा, लाल, पिवळा असे रंग भरलेले होते. पण कुठला रंग काय सांगतो, याची सूची शेजारी नव्हती. अंतराचं प्रमाणही दिलेलं नव्हतं. अर्मेरो हिरव्या पट्ट्यात होतं, आणि हिरवं म्हणजे सुरक्षित, असा अर्थ वाचणाऱ्याने लावणं अगदी स्वाभाविक होतं. शास्त्रज्ञांनी ज्या गावाच्या काळजीने नकाशा काढला, त्याच गावाला छापील नकाशाने निर्धास्त केलं.

परदेशातल्या नैसर्गिक आपत्तीचं वार्तांकन करणाऱ्या छायाचित्रकारांविषयी बोलताना चर्चा बहुतेक वेळा एकाच प्रश्नावर येऊन थांबते: माणूस मरत असताना फोटो कसा काढवतो? प्रश्न खरा आहे आणि त्याला बगल देता कामा नये. पण अर्मेरोची गोष्ट नीट पाहिली की त्याहून मोठा प्रश्न दिसू लागतो. छायाचित्र काय किंवा नकाशा काय, दोन्ही चित्रंच. चित्रासोबत नेमकी माहिती गेली नाही, तर ते लोकांना दिसतं पण कळत नाही. आपत्तीचं छायाचित्र कुणाच्या उपयोगी पडणार, हे ठरतं ते त्याच्याखाली काय लिहिलं जातं आणि ते छापून झाल्यावर कोण काय करतं, यावर.

अडीच तासांचा अवधी

नेवादो देल रुईस सुमारे ५,३०० मीटर उंच आहे. विषुववृत्ताच्या जवळ असूनही त्याच्या माथ्यावर कायमचा बर्फ असतो. धोका होता तो या बर्फातच. उद्रेकाच्या वेळी तापलेली राख आणि दगड बर्फावर कोसळले, बर्फ वितळला, ते पाणी राख, माती, दगड, झाडं ओढून घेत दऱ्यांमधून खाली धावलं आणि ओल्या काँक्रीटसारखा घट्ट, जड लोट तयार झाला. अशा लोटाला ‘लाहार’ म्हणतात. वाटेतलं सगळं पोटात घेत उतरताना त्याचं आकारमान कितीतरी पटींनी वाढतं.

उद्रेक तसा लहानच होता. १९८० साली अमेरिकेत माउंट सेंट हेलन्समधून जेवढं द्रव्य बाहेर पडलं, त्याच्या जेमतेम तीन टक्के. माथ्यावरचा सुमारे दहा टक्के बर्फ वितळला, आणि तेवढ्याने सुमारे २३,००० माणसं गेली. विसाव्या शतकात याहून जास्त बळी घेणारा ज्वालामुखी एकच, १९०२ साली मार्टिनिक बेटावर फुटलेला माँ पेले.

अर्मेरो हे तोलिमा प्रांतातलं, मॅग्दालेना नदीच्या खोऱ्यातलं सधन गाव. तिथल्या कापसामुळे त्याला ‘पांढरं शहर’ म्हणत. वस्ती सुमारे २९,०००. ज्या सपाट, सुपीक जमिनीवर ते वसलं होतं, ती १८४५ साली आलेल्या चिखलानेच घडवलेली होती. त्या वेळी सुमारे हजार माणसं गेली होती. १५९५ सालीही असाच लोट येऊन गेला होता. म्हणजे डोंगराने आधी दोनदा सांगून ठेवलं होतं.

१९८५च्या ११ सप्टेंबरला झालेल्या स्फोटात एक लाहार २७ किलोमीटर खाली उतरला, तेव्हा सगळे सावध झाले. नकाशाचं काम त्यानंतर वेगाने झालं. पण जमिनींचे भाव पडतील, व्यापार बसेल, म्हणून त्याला विरोधही झाला. ६ नोव्हेंबरला ‘एम-१९’ या सशस्त्र गटाने बोगोतातल्या न्यायमंदिराचा ताबा घेतला. लष्कराने इमारतीवर हल्ला चढवला आणि सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांसह सुमारे शंभर माणसं मारली गेली. सरकारचं सगळं लक्ष राजधानीतल्या त्या राखरांगोळीकडे लागलं.

१३ नोव्हेंबरच्या दुपारी ज्वालामुखीने राख फेकली. संध्याकाळपर्यंत ती अर्मेरोच्या छपरांवर पडू लागली. रेडिओवरून शांत राहण्याचं आवाहन झालं, चर्चच्या कर्ण्यावरूनही तेच. राख थांबली तशी गाव रिकामं करण्याची चर्चाही थंडावली. रात्री ९ वाजून ८ मिनिटांनी मुख्य उद्रेक झाला. वादळी पाऊस सुरू होता, वीज गेली होती, माथा ढगांत होता. अर्मेरोतून कुणालाच काही दिसलं नाही. लोटाला ७४ किलोमीटरचं अंतर कापायला जवळजवळ अडीच तास लागले. साडेअकराच्या सुमारास तो गावात शिरला. अडीच तासांत उंचावर चढून जाता आलं असतं. गावातल्या दर चार माणसांपैकी तीन त्या रात्री गेली.

पहाटे पिकांवर औषध फवारणाऱ्या छोट्या विमानाचा वैमानिक त्या भागावरून गेला. अर्मेरो नकाशावरून पुसलं गेलं आहे, ही बातमी त्याने रेडिओवर दिली, तेव्हा देशाला पहिल्यांदा नेमकं काय झालंय ते कळलं.

बातमी कळल्यापासून चिखलापर्यंत

युद्धाचा छायाचित्रकार लढाई सुरू असताना तिथे असू शकतो. नैसर्गिक आपत्तीत बाहेरून येणारा छायाचित्रकार उशिराच पोचतो. भूकंप मिनिटभराचा, लाट तासाभराची, चिखल एका रात्रीचा. परदेशातून निघालेला माणूस पोचतो तेव्हा घटना संपलेली असते आणि तिचे परिणाम सुरू झालेले असतात. त्याच्या वाट्याला येतो तो शोध, तहान, जखमा, ओळख पटवणं आणि वाट पाहणं.

अर्मेरोकडे अनेक देशांतून छायाचित्रकार निघाले. ‘मायामी हेराल्ड’ने कॅरोल गझी आणि मिशेल दुसिल यांना पाठवलं. न्यूयॉर्कहून ‘काँटॅक्ट प्रेस इमेजेस’ या संस्थेचे फूर्निए निघाले. यात एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. फूर्निए यांनी छायाचित्रणाकडे वळण्याआधी चार वर्षं वैद्यकाचं शिक्षण घेतलं होतं. गझी यांनी परिचारिकेचा अभ्यासक्रम पूर्ण केला होता. जखमी माणसाकडे पाहताना काय शक्य आहे आणि काय नाही, हे दोघांनाही इतरांपेक्षा जास्त कळत होतं.

फूर्निए बोगोताला उतरले तेव्हा उद्रेकाला सुमारे दोन दिवस होऊन गेले होते. तिथून पाच तास गाडीने आणि पुढे अडीच तास चालत, असा त्यांचा प्रवास झाला. रस्ते आणि पूल वाहून गेले होते. अशा वेळी परदेशी छायाचित्रकार पूर्णपणे स्थानिक माणसांवर अवलंबून असतो. कुठला रस्ता चालू आहे हे ड्रायव्हरला ठाऊक असतं, कुठली जमीन पाय देण्याजोगी आहे हे शेतकऱ्याला ठाऊक असतं. छायाचित्राखाली नाव मात्र एकाचंच छापलं जातं.

चित्र काढलं की काम संपत नसे. १९८५ साली कॅमेऱ्यात फिल्मचा रोल असे आणि तो कुणाच्या तरी हाती शहरापर्यंत, विमानतळापर्यंत, तिथून दुसऱ्या देशातल्या प्रयोगशाळेपर्यंत जावा लागे. तारेने चित्र पाठवायची यंत्रं होती, पण एक कृष्णधवल चित्र जायलाच आठ-दहा मिनिटं लागत, रंगीत असेल तर तिप्पट वेळ. वर चालू टेलिफोन लाइन हवी, आणि अर्मेरोच्या आसपास ती कुठून असणार? फूर्निए यांनी आपले रोल विमानतळाकडे परतणाऱ्या सहकारी छायाचित्रकारांच्या हाती दिले आणि ते रोल पॅरिसला गेले. आपण काढलेलं चित्र कसं आलंय हे छायाचित्रकाराला तेव्हा दिसतही नसे. ते कुठे छापलं जाणार आणि त्याखाली काय लिहिलं जाणार, हे तिसऱ्याच शहरातला संपादक ठरवत असे. म्हणून छायाचित्रकाराच्या खिशात वही असायची: ठिकाण, वेळ, कोण, काय. ती वही भिजली किंवा हरवली, तर चित्र मुकं होत असे.

ओमायरा

पहाटे फूर्निए अर्मेरोला पोचले तेव्हा शेकडो माणसं अजून अडकलेली होती. मदतीच्या हाका येत होत्या आणि मग त्या थांबत होत्या. हेलिकॉप्टरं मोजकी होती, त्यांतली काही एका तेल कंपनीने दिलेली. एका शेतकऱ्याने त्यांना ओमायरा सांचेसकडे नेलं.

ओमायरा आपल्या घराच्या ढिगाऱ्यात जवळजवळ साठ तास अडकून होती. पाय विटा आणि काँक्रीटखाली दबलेले, वर गढूळ पाणी गळ्यापर्यंत. पाण्याखाली तिच्या मृत मावशीचे हात तिच्या पायांना घट्ट धरून असल्याचं बचाव करणाऱ्यांना आढळलं होतं. तिला वर ओढलं की पाणी चढे. ती बुडू नये म्हणून तिच्याभोवती टायर अडकवला होता. पाय कापल्याशिवाय तिला सोडवता येत नव्हतं, आणि तशी शस्त्रक्रिया करून तिला जगवण्याची कुठलीही सोय तिथे नव्हती. पाणी उपसायला पंप हवा होता, तोही नव्हता. शेतकरी, स्वयंसेवक, थोडंफार वैद्यकीय ज्ञान असलेली माणसं पुन्हा पुन्हा तिच्याकडे येत होती, तिच्याशी बोलत होती. आधीच्या दिवशी ती गायली होती, पत्रकारांशी गप्पा मारल्या होत्या, गोड काहीतरी मागितलं होतं. आता तिची शुद्ध हरपत होती. शाळेला उशीर होईल, मला शाळेत सोडता का, असं तिने फूर्निए यांनाही विचारलं. ते पोचल्यानंतर सुमारे तीन तासांनी तिचा मृत्यू झाला.

छायाचित्र पाहिलेल्याला तिचे डोळे विसरता येत नाहीत. रक्त साकळून ते काळे दिसतात. पाण्यात राहून पांढरे पडलेले हात एका दांड्याला धरून आहेत. पाणी चित्राच्या खालच्या भागात आहे आणि चेहरा आपल्या बरोबर समोर. फूर्निए यांनी तिच्या चेहऱ्याच्या पातळीवर येऊन चित्र घेतलं. उभ्याने, वरून घेतलं असतं, तर ती चिखलातला एक बळी दिसली असती. या चित्रात ती आपल्याकडे पाहते. चौकटीतून फूर्निए यांनी तिचा धीर दाखवला, आणि तोच दाखवायचा होता, असं त्यांनी पुढेही सांगितलं आहे.

‘वाचवलं का नाही?’

काही दिवसांत ‘पारी माच’ या फ्रेंच नियतकालिकात हे छायाचित्र छापून आलं आणि वादळ उठलं. छायाचित्रकार गिधाडं आहेत का, यावर दूरचित्रवाणीवर चर्चा झाल्या. कॅमेरा बाजूला ठेवून या माणसाने तिला बाहेर का काढलं नाही, असं लोक विचारू लागले. पुढच्या वर्षी त्याच छायाचित्राला ॲमस्टरडॅमच्या ‘वर्ल्ड प्रेस फोटो’चा १९८५ सालचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, आणि राग आणखी वाढला.

या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. तिला सोडवणं एका माणसाच्या हाती नव्हतं. तिथे जमलेल्या सगळ्यांच्याही हाती नव्हतं. उलट परिस्थिती असती, दोन हात लावून जीव वाचणार असता, तर कॅमेरा खाली ठेवायलाच हवा होता, आणि आपत्तीच्या ठिकाणी अनेक छायाचित्रकार तसं करतातही. त्या क्षणांची छायाचित्रं नसल्यामुळे ते आपल्याला कळत नाही. मदतीने फरक पडणार असेल तर आधी मदत, हा या व्यवसायातला साधा नियम आहे. कठीण वेळ येते ती मदतीने फरक पडणार नसतो तेव्हा. मग निघून जायचं, नुसतं पाहत राहायचं, की नोंद करायची? फूर्निए यांनी नोंद करायची निवड केली. लोक चिडले याचं त्यांना वाईट वाटलं नाही. कुणालाच काही वाटलं नसतं तर ते जास्त वाईट झालं असतं, अशी त्यांची भूमिका होती.

मला त्यांची ही भूमिका पटते. मात्र तिच्यासोबत एक अट येते. लोकांना जो राग आला तो योग्य ठिकाणी पोचायला हवा. ‘छायाचित्रकाराने का वाचवलं नाही?’ असं विचारणाऱ्या हजारो लोकांपैकी किती जणांनी विचारलं, की साठ तासांत एक पंप का आला नाही? अडीच तासांत गावाला कुणी का उठवलं नाही? ज्वालामुखीतज्ज्ञ बॅरी व्हॉइट यांनी १९९० साली या दुर्घटनेचा बारकाईने अभ्यास मांडला. उद्रेक अफाट होता म्हणून किंवा विज्ञान अपुरं पडलं म्हणून ही माणसं मेली नाहीत, चुकीचे अंदाज, निर्णय घेण्यातली चालढकल आणि नोकरशाहीची आखूड नजर यांनी मिळून ती गेली, असा त्यांचा निष्कर्ष होता. छायाचित्रात यातलं काहीच दिसत नाही. चौकटीत मुलगी आहे, पाणी आहे, दांडा आहे. ज्या खात्यांनी काही केलं नाही, ती खाती कॅमेऱ्यात येत नाहीत. त्यांना चित्राशी जोडायचं काम शब्दांनाच करावं लागतं. त्या चार ओळी नसतील, तर वाचणाऱ्याचा राग समोर दिसणाऱ्या एकमेव जबाबदार माणसावर, म्हणजे कॅमेरा धरणाऱ्यावरच जाऊन आदळतो.

परदेशी कॅमेरा, स्थानिक कॅमेरा

आणखी एक आक्षेप आहे आणि तो जास्त खोल जातो. श्रीमंत देशांतली वृत्तपत्रं आपल्या माणसांचे मृतदेह छापताना दहादा विचार करतात. गरीब, दूरच्या देशांतले मृतदेह मात्र सरळ समोरून, चेहऱ्यासकट छापतात. अमेरिकन लेखिका सुसान सोंटाग यांनी २००३ सालच्या आपल्या पुस्तकात ही गोष्ट स्पष्टपणे मांडली होती.

सात वर्षांनी हैतीने ती पुन्हा दाखवून दिली. १२ जानेवारी २०१० रोजी ७.० क्षमतेचा भूकंप झाला आणि पोर्त-ओ-प्रिन्स शहर कोसळलं. त्यानंतरच्या आठवड्यात पोलिसांच्या गोळीने एक पंधरा वर्षांची मुलगी मरण पावली. तिच्या मृतदेहाच्या पॉल हान्सन यांनी काढलेल्या छायाचित्राला पुढे स्वीडनमध्ये पुरस्कार मिळाला. पण त्याच ठिकाणी नेथन वेबर या छायाचित्रकाराने दुसऱ्या बाजूने एक चित्र घेतलं होतं. त्यात ती मुलगी पडलेली आहे आणि तिच्यासमोर छायाचित्रकार रांगेने कॅमेरे रोखून बसलेले आहेत. पहिल्या चित्रात एकाकी मृत्यू दिसतो, दुसऱ्यात तो एकाकीपणा कसा तयार होतो ते दिसतं. दोन्ही चित्रं खरी आहेत. वाचकाला दोन्ही मिळायला हवीत.

त्याच भूकंपात दानिएल मोरेल हे हैतीचे छायाचित्रकार आपल्याच शहरात होते. जमीन हलल्यानंतर काही तासांत त्यांनी काढलेली छायाचित्रं ट्विटरवर टाकली. परदेशातली विमानं उतरायच्या आधीच ती जगापुढे आली होती. एएफपी आणि गेटी या बड्या संस्थांनी ती परवानगीशिवाय वितरित केली. मोरेल न्यायालयात गेले आणि २०१३ साली न्यूयॉर्कच्या ज्यूरीने त्यांना १२ लाख डॉलरची भरपाई दिली. स्थानिक छायाचित्रकाराकडे भाषा असते, रस्त्यांची माहिती असते, ढिगाऱ्याखालच्या माणसाचं नावही बहुतेक वेळा ठाऊक असतं. त्याचं श्रेय आणि मोबदला त्याला मिळणं हा या व्यवसायाच्या प्रामाणिकपणाचाच भाग आहे.

मृत्यू न दाखवताही शोक दाखवता येतो, हेही सिद्ध झालेलं आहे. २००४च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत कडलूरला रॉयटर्सच्या आर्को दत्ता यांनी काढलेल्या छायाचित्रात एक बाई तळवे वर करून जमिनीवर कोसळलेली आहे. मृत नातेवाइकाचा फक्त हात चौकटीच्या कडेला दिसतो. त्या वर्षीचा ‘वर्ल्ड प्रेस फोटो’चा सर्वोच्च पुरस्कार त्याला मिळाला. देशातल्याच माणसाने घेतलेल्या या चित्रात पाहणाऱ्याची नजर कुठे थांबावी, हे छायाचित्रकाराने विचारपूर्वक ठरवलेलं जाणवतं.

डोंगराच्या पायथ्याशी

छायाचित्रकाराची उपस्थिती स्वतःच धोका ठरू शकते, हे जपानमधल्या उन्झेनने १९९१ साली दाखवलं. तिथला ज्वालामुखी मे महिन्यापासून अंगारयुक्त राखेचे ढग खाली सोडत होता. ते दृश्य समोरून टिपता येईल अशी एक जागा बातमीदारांनी हेरली होती, रिकाम्या करायला सांगितलेल्या भागातली. माध्यमांच्या गाड्या तिथे रोज उभ्या राहू लागल्या. दरम्यान काही माध्यमकर्मी लोकांनी सोडलेल्या घरांत शिरून तिथली वीज वापरत असल्याचं उघड झालं. घरांवर लक्ष ठेवायला गावातल्या स्वयंसेवी अग्निशामक दलाचे लोक पुन्हा पुढे आले.

३ जूनला आधीच्यापेक्षा मोठा ढग आला. ४३ माणसं गेली. त्यांत माध्यमांची १६ होती, अग्निशामक दलाचे १२ जण होते आणि गाडी घेऊन थांबलेले ४ टॅक्सीचालक होते. चित्रासाठी स्वतःचा जीव धोक्यात घालणाऱ्याच्या धाडसाची आपण तारीफ करतो. पण त्याच्यामागे गाडी उभी करून थांबलेल्या चालकाने ते धाडस निवडलेलं नसतं. आपत्तीच्या जागी जाणाऱ्या प्रत्येकाने पहिला हिशेब याचाच करायला हवा: माझ्यामुळे आणखी कोण धोक्यात येतंय? बचाव पथकाच्या हेलिकॉप्टरमधली एक जागा, मदत छावणीतलं पाणी, जखमींच्या गाडीचा रस्ता, यातलं मी काय अडवतोय?

त्याच ढगात मॉरिस आणि कातिया क्राफ्ट हे ज्वालामुखीतज्ज्ञ दांपत्यही गेलं. आयुष्यभर त्यांनी उद्रेकांचं चित्रीकरण केलं होतं. अर्मेरोनंतर ज्वालामुखीशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेला एक उणीव स्पष्ट दिसली होती. चिखललोट म्हणजे काय, हे अधिकाऱ्यांना आणि गावकऱ्यांना कळेल असं चित्र त्यांच्यासमोर कुणीच ठेवलेलं नव्हतं. ती उणीव भरून काढायला मॉरिस क्राफ्ट यांनी धोक्यांची ओळख करून देणारी चित्रफीत तयार करायला घेतली. तिची कच्ची प्रत फिलिपाइन्सला पोचली तेव्हा माउंट पिनातुबो जागा होत होता. स्थानिक अधिकाऱ्यांना, लष्कराला, लोकांना ती दाखवली गेली. ज्यांना आकडे आणि अहवाल पटत नव्हते, त्यांना ती दृश्यं पटली. १५ जून १९९१ रोजी, क्राफ्ट दांपत्याच्या मृत्यूनंतर १२ दिवसांनी, पिनातुबो फुटला. हा विसाव्या शतकातला एक प्रचंड उद्रेक, रुईसच्या कितीतरी पट मोठा. तोवर हजारो लोक हलवले गेले होते. वेळेवरच्या इशाऱ्यांमुळे किमान ५,००० जीव वाचले, असा अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाचा अंदाज आहे.

ज्वालामुखीचं चित्र आधी पोचलं आणि समजावून सांगणाऱ्या शब्दांसह पोचलं, तर काय होऊ शकतं, याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं सापडणं कठीण आहे.

छापून झाल्यानंतर

अर्मेरोच्या छायाचित्रांनी काय साधलं? गझी आणि दुसिल यांना १९८६चा पुलित्झर पुरस्कार मिळाला. जगभरातून मदत आली. आपल्या छायाचित्राचा त्यात वाटा होता, असं फूर्निए मानतात. १९८६ साली अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षणाने ज्वालामुखी जागे होऊ लागताच इतर देशांना तज्ज्ञ आणि उपकरणं पुरवणारं कायमचं पथक उभं केलं. पिनातुबोला गेलं ते हेच. कोलंबियात मानिसालेसला ज्वालामुखी वेधशाळा सुरू झाली, १९८८ साली आपत्ती व्यवस्थापनाची राष्ट्रीय यंत्रणा कायद्याने उभी राहिली. २००७ साली त्याच देशात नेवादो देल उईला या बर्फाच्छादित ज्वालामुखीतून लोट उतरले, तेव्हा हजारो लोक वेळेवर उंचावर नेलेले होते. हे सगळं एका छायाचित्राने घडवलं, असं म्हणणं खोटं ठरेल. भूगर्भशास्त्रज्ञ, अभियंते, गावोगावचे शिक्षक आणि अधिकारी यांनी ते वर्षानुवर्षं काम करून घडवलं. पण अर्मेरो विसरलं जाणार नाही, ही तजवीज छायाचित्रांनी केली, आणि न विसरलेल्या गोष्टीसाठी पैसा मागणं सोपं जातं.

काही छायाचित्रांचं काम तर चाळीस वर्षांनीही संपलेलं नाही. त्या गोंधळात अनेक मुलं जिवंत बाहेर काढली गेली, हेलिकॉप्टरने नेली गेली आणि मग कुटुंबांपासून तुटली. काही दत्तक देऊन परदेशातही गेली. ‘आर्मांदो अर्मेरो’ ही संस्था अशा मुलांचा शोध घेते. त्या दिवसांची छायाचित्रं, दूरचित्रवाणीच्या फिती, वाचलेल्यांच्या आठवणी आणि डीएनए चाचण्या यांच्या आधाराने ती नाती जुळवते. एखाद्या छायाचित्रकाराने गर्दीत सहज टिपलेला, पुरस्काराच्या आसपासही न गेलेला मुलाचा चेहरा एखाद्या आईसाठी आपलं मूल वाचलं होतं याचा एकमेव पुरावा असू शकतो. म्हणून तारीख, ठिकाण आणि नाव लिहून ठेवायचं ते कंटाळवाणं काम कलेच्या बरोबरीचं आहे. कोण कुठे होतं याची नोंद नसलेल्या शंभर उत्तम चित्रांपेक्षा तिथे एका नीट नोंदवलेल्या साध्या चित्राची किंमत जास्त ठरते.

यातून वाचक म्हणून आपलीही एक जबाबदारी ठरते. कुठल्याही देशातल्या पुराचं, भूकंपाचं, दरड कोसळल्याचं छायाचित्र समोर आलं की हळहळून पान उलटण्याआधी तीन गोष्टी शोधाव्यात: हे होणार हे आधी कुणाला माहीत होतं, वाचवायला नेमकं काय कमी पडलं आणि पुढच्या वेळेसाठी काय बदललं. बातमीत त्यांची उत्तरं नसतील तर ती मागावीत.

संपादकांकडेही एक मागणी करायला हवी, ती म्हणजे परत जाण्याची. कॅरोल गझी हैतीच्या छायाचित्रांसाठी दोनदा पुलित्झरच्या मानकरी ठरल्या, १९९५ साली आणि भूकंपानंतर सहकाऱ्यांसह २०११ साली. चार पुलित्झर मिळवणाऱ्या त्या पहिल्या पत्रकार. मिशेल दुसिल वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षीही लायबेरियात इबोलाच्या साथीचं वार्तांकन करायला पुन्हा गेले, आणि डिसेंबर २०१४ मध्ये तिथेच एका गावातून चालत परतताना त्यांना मृत्यू आला. या दोघांना माहीत होतं की पहिल्या आठवड्याची छायाचित्रं फक्त काय तुटलं ते सांगतात. घरं पुन्हा बांधली गेली का, इशारा देणारे भोंगे बसले का, मदतीचा पैसा गावापर्यंत पोचला का, हे वर्षाने, पाच वर्षांनी तिथे पुन्हा गेलेला छायाचित्रकारच दाखवू शकतो. त्या दुसऱ्या भेटीत कोसळणाऱ्या इमारती नसतात, पुरस्काराची शक्यताही कमी असते. पण पुढच्या उद्रेकाआधी एखादं गाव वाचवण्याची ताकद असते ती याच छायाचित्रांत, आणि वृत्तपत्रांनी पहिल्या पानावरची जागा त्यांच्यासाठीही राखून ठेवायला हवी.